देवनागरीचे संकेतन आणि मराठीची काही चिन्हे

१

लिपीतील एखादे चिन्ह स्वतंत्र अक्षर म्हणून गणावयाचे, की दुसऱ्या अक्षराचे आकारवैचित्र्य म्हणून सोडून द्यावयाचे, हा प्रश्न नवा नाही. व्याकरणकारांनी वर्णमाला सांगताना, कोशकारांनी शब्दांचा क्रम लावताना आणि मुद्रकांनी खिळ्यांची पेटी भरताना तो आपापल्या परीने सोडविलेला आहे. ह्या तिघांची उत्तरे नेहमीच जुळली असे नाही, आणि जुळण्याची गरजही नव्हती. व्याकरणकाराच्या दृष्टीने 'क्ष' हे जोडाक्षर असले तरी मुद्रकाच्या पेटीत त्याचा वेगळा खिळा असे; आणि कोशकार त्याला 'क'च्या पोटात घालावयाचे की वर्णमालेच्या शेवटी ठेवावयाचे हे स्वतः ठरवीत असे. संगणकावर मराठी लिहिली जाऊ लागल्यानंतर ही मोकळीक पुष्कळच कमी झाली. लेखन, मुद्रण, शोध, अनुक्रम आणि संग्रह ही सर्व कामे आता एकाच संकेतमालेवर चालतात. त्या संकेतमालेने अक्षर म्हणून जे मानले तेवढेच यंत्राला 'दिसते'. जे मानले नाही ते यंत्रापुरते अस्तित्वातच नसते.

ही संकेतमाला म्हणजे युनिकोड. तिच्याविषयी मराठीत जे लेखन होते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एका प्रकारात तिच्या सोयींचे कौतुक असते, तर दुसऱ्यात मराठीवर अन्याय झाल्याची तक्रार. दोन्हींत भाषावैज्ञानिक विचार क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात मराठी लेखनातील तीन प्रकरणे घेऊन युनिकोडाने त्यांची लावलेली व्यवस्था तपासावयाची आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा' ह्यांसारख्या शब्दांतील अर्धा र; 'ॲ' हा स्वर; आणि 'ल' व 'श' ह्यांची मराठी वळणे, ही ती तीन प्रकरणे होत. युनिकोडाचे मूळ तत्त्व योग्य आहे. पण ते तत्त्व मराठीला लावताना पहिल्या प्रकरणात त्याचाच निकष बाजूला राहिला, दुसऱ्यात तो उशिरा लावला गेला, आणि ज्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल सर्वांत अधिक तक्रार होते तेथे मात्र तो अचूक लावला गेला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रथम यंत्रणेविषयी थोडेसे. संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही. तो एक संख्या साठवितो. प्रत्येक अक्षराला नेमून दिलेल्या ह्या संख्येला संकेतांक म्हणतात आणि तो षोडशमान पद्धतीने लिहिण्याचा प्रघात आहे. 'र'चा संकेतांक ०९३०, हलन्त-चिन्हाचा ०९४डी, 'य'चा ०९२एफ. जोडाक्षराला स्वतंत्र संकेतांक नसतो. 'स्त्री' हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा संकेतांकांनी साठविला जातो. यूटीएफ-८ ह्या सर्वत्र रूढ झालेल्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकास तीन बाइट लागत असल्यामुळे ह्या एका अक्षरी शब्दास १८ बाइट लागतात. ह्या सहा संख्यांचे एक आकृतिबद्ध अक्षर करून पडद्यावर उमटविण्याचे काम अक्षररचना करणारी प्रणाली आणि फाँट ही दोघे मिळून करतात. 'कि' मधील वेलांटी साठविताना 'क'च्या नंतर येते, पण दिसताना आधी दिसते. 'र्क' मधील 'र' साठविताना पहिला असतो, पण दिसताना 'क'च्या माथ्यावर रफार होऊन बसतो. उच्चाराचा क्रम साठवणीत आणि दृष्टीचा क्रम प्रदर्शनात, अशी ही विभागणी आहे.

ह्या विभागणीमागील तत्त्व असे की, संकेतांक द्यावयाचा तो अर्थभेद करू शकणाऱ्या लेखन-एककाला, त्याच्या प्रत्येक आकाराला नव्हे. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या १९९८ मधील एका तांत्रिक अहवालात हा वर्ण आणि आकृती ह्यांमधील विवेक पद्धतशीर मांडलेला आहे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ह्या तत्त्वाची ओळख करून द्यावयास नको. स्वनिम आणि स्वनान्तर ह्यांमधील भेद तो हाच. दोन ध्वनी भिन्न स्वनिमांचे आहेत की एकाच स्वनिमाची रूपे आहेत, हे ठरविताना आपण केवळ त्यांच्या भिन्नत्वाकडे पाहत नाही. अन्य सर्व बाबतींत समान असे दोन शब्द त्या एकाच भेदाने वेगळे होतात काय, असे विचारतो. लिपीलाही हाच निकष लावता येतो, आणि युनिकोडाची वर्ण-आकृतीची विभागणी सुसंगत राहावयाची तर तो लावला गेला पाहिजे.

देवनागरीच्या बाबतीत ही विभागणी कोऱ्या पाटीवर झाली नाही. १९९१ मध्ये युनिकोडाची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा देवनागरीचा विभाग इस्की ह्या भारतीय संकेतमालेच्या १९८८ च्या आराखड्यावरून, अक्षरांचे परस्परक्रमही तसेच ठेवून, घेण्यात आला. (इस्कीला भारतीय मानक म्हणून अंतिम रूप १९९१ मध्ये मिळाले.) इस्कीची कल्पना मोठी होती: ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच समान मांडणी द्यावयाची, म्हणजे एका लिपीतील मजकूर दुसरीत सहज उतरविता येईल. त्यासाठी देवनागरीत तमिळ, मलयाळम आदी भाषांतील ध्वनींसाठीही जागा राखणे आवश्यक झाले. ऱ, ऴ, ऩ ही नुक्तायुक्त अक्षरे आणि ऎ, ऒ हे ऱ्हस्व स्वर ह्या कारणाने देवनागरीच्या तक्त्यात आले. संकेतमालेच्या रचनाकारांपुढे लिप्यंतर हे एक मुख्य प्रयोजन होते. मराठीच्या शुद्धलेखनातील सूक्ष्म भेद हे नव्हते. पुढील विवेचनात हा इतिहास ध्यानात ठेवावा लागेल.

३

आता पहिले प्रकरण. मराठीत व्यंजनापूर्वी येणारा अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो. 'सूर्य', 'कार्य', 'दर्या' ह्यांत तो रफार होतो. 'दऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा', 'गुऱ्हाळ' ह्यांत तो पुढील अक्षराला डावीकडून जोडलेल्या आडव्या वळणदार रेघेने दाखविला जातो. हा दुसरा प्रकार मुख्यतः 'य' आणि 'ह' ह्यांच्यापूर्वी येतो. हा केवळ हस्ताक्षराचा किंवा मुद्रणाचा विलास नव्हे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. 'आचार्याला' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक्याला. अन्य सर्व वर्ण समान असताना एवढ्याच भेदाने शब्द बदलतो. म्हणजे स्वनिमविचारात आपण जो निकष मानतो तो येथे पूर्णपणे लागू पडतो.

भेद नेमका कशाचा आहे? व्यंजन दोन्ही ठिकाणी तेच आहे. 'दऱ्या' मधला 'र' हा 'दर्या' मधल्या 'र'हून निराळ्या स्थानाचा किंवा प्रयत्नाचा आहे असे म्हणता येणार नाही. भेद आहे तो अक्षरविभागाचा. 'दर्या'ची फोड दर्-या अशी होते; 'र्' मागील अक्षर बंद करतो. 'दऱ्या'ची फोड द-ऱ्या अशी होते. 'र्' पुढील अक्षराच्या आरंभी जातो. ह्याची साक्ष छंदःशास्त्र देते. जोडाक्षराचा आघात मागील ऱ्हस्व अक्षरावर आला तर ते गुरू मानावे आणि न आला तर लघूच ठेवावे, असा मराठी वृत्तविचाराचा नियम आहे. त्यानुसार 'दर्या' मधील 'द' गुरू आणि 'दऱ्या' मधील 'द' लघू ठरतो. दुसरी साक्ष शब्दारंभाची. 'ऱ्हस्व' आणि 'ऱ्हास' हे शब्द मराठीत ह्याच आडव्या 'र'ने सुरू होतात. रफाराने मराठी शब्द सुरू होत नाही. होऊही शकणार नाही, कारण त्याला बंद करावयास मागे अक्षरच नाही. तेव्हा रफार हा अक्षराच्या शेवटीचा 'र' आणि हा आडवा 'र' आरंभीचा, अशी लिपीने केलेली वाटणी आहे. जी गोष्ट देवनागरी अन्यत्र लिहून दाखवीत नाही, म्हणजे अक्षराची सीमा, ती मराठीने ह्या एका ठिकाणी लिहून दाखविली. लिपीच्या अभ्यासकाला ह्याचे मोल वाटले पाहिजे.

युनिकोडात ह्या चिन्हाला स्वतःचा संकेतांक नाही. ते लिहिण्याचे दोन मार्ग मानकाने मान्य केलेले आहेत. पहिला मार्ग इस्कीतून आलेला. त्यात ०९३१ ह्या संकेतांकाचा नुक्तायुक्त 'ऱ' घ्यावयाचा, त्याला हलन्त जोडावयाचा आणि पुढे 'य' किंवा 'ह' लिहावयाचा. मराठी आणि नेवारी ह्या भाषांसाठी ही व्यवस्था असल्याचे मानकाच्या नियमांत सांगितले आहे. दुसऱ्या मार्गात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर ह्या नावाचे अदृश्य, शून्यरुंदीचे जोडचिन्ह (संकेतांक २००डी) घालावयाचे. युनिकोडाच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी हा मार्ग कायम ठेवला आहे. पडद्यावर आणि कागदावर दोन्हींचे फळ एकच दिसते. परंतु साठवणीत 'दऱ्या' हा शब्द पहिल्या मार्गाने पाच संकेतांकांचा आणि १५ बाइटांचा होतो, तर दुसऱ्या मार्गाने सहा संकेतांकांचा आणि १८ बाइटांचा. ह्या दोन रूपांना युनिकोड सममूल्य मानीत नाही. साधा 'र' आणि सुटा नुक्ता मिळून होणारा 'ऱ' हा ०९३१ शी सममूल्य मानला जातो, त्यामुळे तो तिसरा प्रकार सामान्यीकरणाच्या प्रक्रियेत पहिल्यात विलीन होतो. अदृश्य चिन्हाचे रूप मात्र वेगळेच राहते.

ह्या दोन्ही मार्गांची भाषावैज्ञानिक तपासणी केली, तर दोन्ही असत्य आहेत असे म्हणावे लागते. मात्र त्यांची असत्ये भिन्न आहेत. पहिला मार्ग सांगतो की 'दऱ्या'त एक निराळे व्यंजन आहे, आणि ते व्यंजन म्हणजे द्राविड भाषांतील वर्त्स्य 'ऱ'च्या लिप्यंतरासाठी निर्मिलेले अक्षर. मराठीत असे व्यंजन नाही. सुटा 'ऱ' मराठी शब्दात येत नाही. दुसरा मार्ग सांगतो की येथे व्यंजन तर तेच आहे, पण फरक फक्त आकाराचा आहे. अदृश्य चिन्ह ही प्रदर्शनप्रणालीला केलेली एक सूचना आहे. म्हणजे पहिल्या मार्गाने अक्षरसीमेच्या भेदाला व्यंजनाचा भेद ठरविले आणि दुसऱ्याने त्याला भेदच मानले नाही.

दुसऱ्या मार्गाच्या बाजूने जे म्हणता येते ते येथे सांगितले पाहिजे. व्याकरणाला तो अधिक जवळचा आहे, कारण त्यात 'र' हा 'र'च राहतो. अन्य व्यंजनांची अर्धी रूपे मुद्दाम दाखवावयाची असतील तर तेथेही हेच अदृश्य चिन्ह वापरतात, त्यामुळे त्यात पद्धतीची एकसूत्रता आहे. नेपाळीतही हे लेखन रूढ आहे. तथापि संहितेची किंमत तिच्या टिकाऊपणावर ठरते, आणि तेथे हा मार्ग उणा पडतो. युनिकोडाच्या क्रमनिर्धारण-पद्धतीत हे अदृश्य चिन्ह सर्वथा दुर्लक्षणीय मानलेले आहे. त्यामुळे त्या पद्धतीने तुलना करणाऱ्या यंत्राला ह्या मार्गाने लिहिलेला 'दऱ्या' आणि रफाराचा 'दर्या' हे दोन शब्द एकच वाटतात. मजकूर 'स्वच्छ' करणारे अनेक कार्यक्रम अदृश्य चिन्हे काढून टाकतात, आणि ते चिन्ह निघाले की आडवा 'र' रफार होऊन माथ्यावर चढतो. वृत्तपत्रांच्या संगणकीय आवृत्त्यांत 'शेतकर्यांना' आणि 'कर्मचार्यांनी' अशी रूपे जी वारंवार दिसतात, त्यांतील सर्वच लेखकाच्या अज्ञानाने आलेली नसतात. काही मजकूर एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात जाताना घडलेली असतात.

हा दोष किरकोळ मानता येणार नाही. 'री'कारान्त आणि 'रा'कारान्त नामांची सामान्यरूपे मराठीत किती येतात ह्याचा विचार करावा: शेतकऱ्याला, अधिकाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांचे, वाऱ्यावर, किनाऱ्याशी, दुसऱ्या, बिचाऱ्या. शब्दसंग्रहावर संशोधन करणारा विद्यार्थी 'शेतकरी' ह्या शब्दाची सर्व रूपे शोधू लागला आणि त्याने एकाच पद्धतीने लिहिलेले रूप शोधपेटीत घातले, तर दुसऱ्या पद्धतीची सर्व उदाहरणे त्याच्या हातून निसटतील. आणि दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसत असल्यामुळे ती निसटली हेही त्याला कळणार नाही. त्याच्या गणनेत 'शेतकरी' हा शब्द प्रथमेत भरपूर आणि चतुर्थी-षष्ठीत अल्प असा आढळेल. त्यावरून तो वाक्यरचनेविषयी काही सिद्धान्त मांडील, आणि तो सिद्धान्त वस्तुतः टंकलेखकाच्या कळफलकाविषयीचा असेल.

४

दुसरे प्रकरण 'ॲ'चे. इंग्रजीच्या संपर्काने मराठीत दोन स्वर रुळले; 'बॅट' मधला आणि 'बॉल' मधला. 'ऑ'ला युनिकोडात आरंभापासून स्थान होते. पहिल्या स्वरासाठी मात्र तक्त्यात 'ऍ' हे 'ए'वर चंद्र काढलेले अक्षर होते. हिंदीत ते चालते. मराठीची रीत 'अ'वर चंद्र काढण्याची. मराठी 'ॲ'ला ०९७२ हा संकेतांक मिळाला तो २००८ मध्ये, युनिकोडाच्या ५.१ ह्या आवृत्तीत. पुढे नोव्हेंबर २००९ मधील महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ह्या दोन्ही स्वरांना प्रमाण वर्णमालेतही स्थान दिले.

येथे न्याय झाला, पण तो उशिरा. १९९१ ते २००८ ह्या सतरा वर्षांत मराठी लेखकांनी 'ॲ' लिहिण्यासाठी 'अ' आणि त्यावर चंद्राची मात्रा अशी दोन संकेतांकांची जोडी वापरली. काहींनी नाइलाजाने 'ऍ' स्वीकारला. नवे अक्षर आल्यावर जुनी जोडी त्याच्याशी सममूल्य झाली असती तर प्रश्न मिटला असता. परंतु युनिकोडात 'आ' म्हणजे 'अ' अधिक काना असे मानीत नाहीत. प्रत्येक स्वराक्षर अविभाज्य समजतात. त्याच न्यायाने 'ॲ'ही अविभाज्य ठरला, आणि 'अ' अधिक चंद्र ही जोडी मानकाच्या तक्त्यात 'वापरू नये' ह्या सदरात गेली. परिणाम असा की काही प्रदर्शनप्रणाली अशा जुन्या मजकुरात 'अ' आणि चंद्र ह्यांच्यामध्ये तुटक रेषेचे वर्तुळ दाखवितात, जणू लेखकाने काही अशक्य गोष्ट लिहिली आहे. ज्या काळी ती लिहिण्याचा दुसरा मराठी मार्गच नव्हता त्या काळचा मजकूर असा सदोष ठरावा, हे विचित्र आहे. शिवाय सममूल्यतेचे नियम मागाहून बदलावयाचे नाहीत असे युनिकोडाचे धोरण असल्यामुळे ही तफावत आता कायमची आहे.

५

तिसरे प्रकरण 'ल' आणि 'श' ह्यांचे. हिंदी वळणाचा 'ल' उभ्या दंडाला टेकलेला असतो. मराठी वळणाचा 'ल' दंडावाचून, दोन पाकळ्यांचा. 'श'चेही असेच दोन घाट आहेत. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ह्यांचा पुरस्कार आहे. तरीही फोनवर, पडद्यावर, कित्येकदा छापील पुस्तकांतही हिंदी वळणे दिसतात, आणि त्याबद्दल युनिकोडाला दोष दिला जातो. मराठी 'ल'ला वेगळा संकेतांक का नाही, असे विचारले जाते.

आपण वर जो निकष लावला तोच येथे लावावा. केवळ 'ल'च्या वळणाने वेगळे होणारे दोन मराठी शब्द आहेत काय? एकही नाही. 'कमळ' आणि 'कमल' हे शब्द भिन्न आहेत, म्हणून 'ळ' व 'ल' ही भिन्न अक्षरे. पण 'कमल' दोहोंपैकी कोणत्याही वळणाने लिहिला तरी शब्द तोच. तेव्हा हा आकृतीचा भेद आहे, वर्णाचा नव्हे, आणि तो फाँटाकडे सोपविण्यात युनिकोडाची चूक नाही. वेगळा संकेतांक दिला असता तर काय झाले असते हेही पाहावे. एकच शब्द मराठीत एका आणि हिंदीत दुसऱ्या संख्येने लिहिला गेला असता. संस्कृत ग्रंथाची मुंबईची प्रत आणि काशीची प्रत यंत्राला दोन भिन्न संहिता वाटल्या असत्या. चीन आणि जपान ह्यांच्या चित्राक्षरांना समाईक संकेतांक देण्यावरून जो वाद झाला त्यातही मुद्दा ह्याच स्वरूपाचा होता.

अर्थात आकृतीचा भेद म्हणजे क्षुल्लक भेद असे नव्हे. पहिलीतील मूल पाटीवर एक 'ल' शिकते आणि पडद्यावर दुसरा पाहते, ही अडचण खरीच आहे. तिच्यावर उपायही आहे. आधुनिक फाँटांत भाषेनुसार आकृती बदलण्याची सोय असते. मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदविले असेल तर तोच फाँट पाकळीचा 'ल' दाखवितो आणि हिंदी नोंदविली असेल तर दंडाचा. उणीव आहे ती दोन ठिकाणी. पुष्कळ फाँटांत मराठी आकृत्या घातलेल्याच नसतात. आणि घातलेल्या असल्या तरी मजकुराची भाषा नोंदविण्याचे कष्ट लेखक व प्रकाशक घेत नाहीत. साधा मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवला की ही नोंद गळून पडते. हा दोष फाँटकारांचा आणि आपला आहे, संकेतमालेचा नाही. शासन निर्णयाने वळण ठरविता येते. पण निर्णय पडद्यावर उतरावयाचा तर त्या वळणाचा फाँट लागतो, आणि मजकूर मराठी असल्याची नोंद लागते.

६

ह्या तीन प्रकरणांची तुलना केल्यावर पहिल्याची विसंगती अधिकच जाणवते. भारतातील इतर लिप्यांत असेच प्रश्न आले तेव्हा काय झाले? बंगालीतील 'खंड त' हे चिन्ह पूर्वी 'त', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तीन संकेतांकांनी लिहिले जात असे. २००५ मध्ये, युनिकोडाच्या ४.१ ह्या आवृत्तीत, त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला. मलयाळममधील चिल्लू, म्हणजे स्वरहीन अन्त्य व्यंजनांची अक्षरे, हीही ह्याच अदृश्य चिन्हाच्या साह्याने लिहीत. केवळ अदृश्य चिन्हामुळे शब्द वेगळा होत असल्याच्या जोड्या त्या चर्चेत पुढे आल्या, आणि २००८ मध्ये चिल्लूंना स्वतंत्र संकेतांक मिळाले. अर्थभेद अदृश्य चिन्हावर टांगता ठेवू नये, हे तत्त्व ह्या दोन निर्णयांत गृहीत आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांची जोडी ह्याच जातीची आहे. पण मराठीला इस्कीतून आलेला 'ऱ' आधीच उपलब्ध होता, आणि तो उपलब्ध असल्यामुळेच हा प्रश्न प्रश्न म्हणून पुढे आला नाही.

मग आज मराठीने ह्या चिन्हासाठी स्वतंत्र संकेतांक मागावा काय? तत्त्वतः मागणी रास्त ठरेल. पण व्यवहारतः ती करू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. युनिकोडाने एकदा दिलेला संकेतांक मागे घेतला जात नाही. नवा संकेतांक आल्याने जुने दोन मार्ग नाहीसे होणार नाहीत. 'दऱ्या' लिहिण्याचा आणखी एक, दिसावयास तोच आणि साठवणीत निराळा, असा मार्ग तेवढा वाढेल. 'ॲ'च्या बाबतीत उशिरा आलेल्या न्यायाची किंमत आपण पाहिलीच आहे. तेव्हा उपलब्ध दोन मार्गांतून एक निवडून त्यावर स्थिर राहणे हाच शहाणपणा होय. आणि निवडावयाचा तो पहिला, म्हणजे ०९३१ चा. तो व्यंजनाविषयी असत्य सांगतो हे खरे. परंतु भेद आहे एवढे तरी तो सांगतो, आणि ते दृश्य अक्षराच्या रूपाने सांगतो. शिवाय हा 'ऱ' साध्या 'र' अधिक नुक्त्याशी सममूल्य असल्यामुळे युनिकोडाच्या क्रमपद्धतीत तो 'र'च्या शेजारीच राहतो. त्यामुळे कोशाचा क्रम बिघडत नाही आणि भेदही पुसला जात नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, हे अक्षर मिळते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्यातून काही कर्तव्ये निघतात. संगणकीय शब्दसंग्रहावर आधारलेल्या प्रबंधात गणना करण्यापूर्वी संहिता एका रूपात आणली पाहिजे, आणि कोणत्या रूपात आणली हे प्रबंधात नमूद केले पाहिजे. 'अ' अधिक चंद्र ह्या जोडीचे 'ॲ'मध्ये रूपांतर यांत्रिक रीतीने निर्धास्तपणे करता येते. 'र', हलन्त आणि अदृश्य चिन्ह ह्यांचे 'ऱ्'मध्ये रूपांतरही मराठी मजकुरात तसेच करता येते, कारण मराठीत त्या क्रमाचा दुसरा अर्थ नाही. परंतु ज्या मजकुरातून अदृश्य चिन्ह आधीच गळालेले आहे तेथे यंत्राचा उपयोग मर्यादित आहे. 'शेतकर्यांना' हे रूप कोशाच्या आधारे दुरुस्त होईल. 'दर्या' किंवा 'आचार्यांना' ह्यांचे काय करावयाचे हे मात्र वाक्य वाचूनच ठरवावे लागेल. नष्ट झालेला भेद नियमाने परत आणता येत नाही. तेथे वाचकच लागतो.

हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण लेखकूंच्या सवयी, त्यांच्या लिपीची वळणे आणि प्रतींची परंपरा ह्यांचा विचार केल्यावाचून पाठ स्वीकारीत नाही. संगणकातील संहितेविषयी मात्र, ती डोळ्यांना स्वच्छ दिसते एवढ्यावरून, आपण तिला निर्दोष मानतो. वास्तविक तिलाही लेखकू आहेत, प्रतींची परंपरा आहे आणि पाठभेद आहेत. फक्त ते पाठभेद पडद्यावर दिसत नाहीत. मराठीच्या संशोधकाने कोणताही संगणकीय संग्रह हाती घेताना तो कोणत्या कळफलकाने लिहिला गेला, कोणत्या संकेतमालेतून येथवर आला आणि वाटेत त्यातून काय गळाले, हे प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.